पन्नास हजारांचा कॉम्प्युटर, आठ हजारांचा टॅब

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आपणहून मी हा विषय काढत नाही, कारण काढला की दुकानाचं शटर ओढायची वेळ होते. प्रश्न नेहमीचाच आहे: "दादा, पन्नास हजारांचा कॉम्प्युटर घेतलाय. आठ हजारांच्या टॅबवर चालतं ते ॲप याच्यावर का चालत नाही?" साताऱ्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी लोक व्हायरसबद्दल विचारायचे, आता हे विचारतात. विचारताना आवाजात थोडी फसवलं गेल्याची चीड असते आणि थोडा संशय, की यालाच येत नसणार.

तर, चालतं. बरंचसं चालतं. अडतं ते नेमकं आपल्याला हवं असतं तेच. गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगतो, म्हणजे कुठे कुठे अडतं ते कळेल.

एक ताई अकरावीतल्या मुलाला घेऊन आल्या. क्लासवाल्यांनी फीमध्येच टॅब दिलेला, सगळे व्हिडिओ आणि चाचण्या त्यांच्याच ॲपमध्ये. टॅब स्कूटीवरून पडला. चित्र दिसत होतं, पण काच तडकलेली आणि डावीकडचा अर्धा भाग बोटाला दाद देत नव्हता. नवा डिस्प्ले पुण्याहून यायला आठ-दहा दिवस, खर्च टॅबच्या निम्म्या किमतीचा, आणि चाचणी सोमवारी. ताई म्हणाल्या, "घरी कॉम्प्युटर आहे ना, त्याच्यावर ते ॲप टाकून द्या." सीपीयू रिक्षातून सोबतच आणला होता. मशीन वाईट नव्हतं. आठ जीबी रॅम, एसएसडी, विंडोज ११.

मुलगा हुशार. म्हणाला, "काका, विंडोज अकरामध्ये अँड्रॉइड असतंच. मी व्हिडिओ बघितलाय." त्याने बघितलेला व्हिडिओ खोटा नव्हता, शिळा होता. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये विंडोज ११ ची घोषणा करतानाच सांगितलं होतं की यात अँड्रॉइडची ॲप चालतील. चाललीही, पण गूगलच्या प्ले स्टोअरमधून नाही, ॲमेझॉनच्या ॲप स्टोअरमधून. तिथे आपल्याकडची रोजची ॲप शोधणं म्हणजे किराणा दुकानात औषध मागणं. मार्च २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की हे बंद करतोय, आणि ५ मार्च २०२५ ला ते बंद झालं. व्हिडिओ मात्र यूट्यूबवर अजून जिवंत आहेत. ते बघून आलेला माणूस महिन्याला एक तरी येतोच.

मग उरतो इम्युलेटर. ब्लूस्टॅक्सचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं, नॉक्स आणि एलडीप्लेअरही आहेत. एवढंच सांगतो की ते त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. गूगलवर शोधल्यावर पहिल्या दिसणाऱ्या जाहिरातीवर बोट ठेवून नंतर माझ्याकडे आलेली मशीन मी मोजायची सोडून दिली आहेत.

इम्युलेटर म्हणजे प्लेअर नव्हे. गाणं लावलं आणि वाजलं, असं नसतं. तो तुमच्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा अख्खा कॉम्प्युटर उभा करतो आणि त्यावर अँड्रॉइड सुरू करतो. एका संसाराच्या रॅममध्ये दोन संसार. त्यासाठी प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशन नावाची सोय लागते. ती असते जवळजवळ सगळ्या मशीनमध्ये, पण कित्येकदा बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, बंद करून ठेवलेली. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा, खाली लिहिलेलं दिसेल चालू की बंद. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरच्या बोर्डांवर त्याला एसव्हीएम म्हणतात आणि कधीकधी ते ओव्हरक्लॉकिंगच्या, म्हणजे प्रोसेसरला जास्त पळवायच्या, पानात लपवलेलं असतं, जिथे सरळमार्गी माणूस कधी जात नाही. "इम्युलेटर फार हळू चालतो" म्हणून येणाऱ्या निम्म्या तक्रारी माझ्याकडे या एका खटक्यावर मिटतात. त्याचे मी पैसे घेत नाही, चहा घेतो.

ताईंच्या मशीनवर तो खटका दाबला, इम्युलेटर छान उठला. मुलाचा चेहरा उजळला. प्ले स्टोअर उघडलं, क्लासचं ॲप शोधलं, आणि खाली ओळ आली की तुमचं डिव्हाइस या ॲपशी सुसंगत नाही.

ही ओळ लोकांना फार लागते. जणू कॉम्प्युटरची जात काढली. खरं तर प्रत्येक ॲप सोबत एक यादी घेऊन येतं: अँड्रॉइडची अमुक आवृत्ती हवी, कॅमेरा हवा, जीपीएस हवं, प्रोसेसर अशा प्रकारचा हवा. यादीतलं एखादं नसलं की प्ले स्टोअर दारातूनच परत पाठवतं. तिथे तुमचा प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी कुणी विचारत नाही. लग्नाला बोलावलंय ते पत्रिकेवरच्या नावाला, खिशातल्या पैशाला नव्हे.

मुलगा म्हणाला, "मग एपीके टाकू." एपीके म्हणजे ॲपचीच फाइल, प्ले स्टोअरला वळसा घालून टाकायची. मित्राच्या फोनवरून ती आणली. टाकली. उघडली आणि मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. याचंही कारण आहे. पूर्वी ॲप म्हणजे एक फाइल असायची, कुठेही न्या. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअर नवी ॲप बंडलच्या रूपातच घेतं, आणि प्रत्येक फोनला त्याच्या मापाचे तुकडे देतं. मूळ तुकडा सगळ्यांना सारखा, पण पडद्याचा तुकडा वेगळा, भाषेचा वेगळा, प्रोसेसरचा वेगळा. मित्राच्या फोनवरून आणलेला होता फक्त मूळ तुकडा. शिवाय तो फोन एआरएमचा, आणि ताईंचं मशीन इंटेलचं.

इथे जरा थांबतो, कारण खरी मेख इथे आहे. बहुतेक सगळे फोन आणि टॅब एआरएम जातीच्या प्रोसेसरवर चालतात. आपले कॉम्प्युटर बहुतेक इंटेल किंवा एएमडीचे. दोघांच्या सूचना वेगळ्या. ॲपचा जो भाग जावा किंवा कॉटलिन या प्रोग्रामिंगच्या भाषांमध्ये लिहिलेला असतो त्याला फरक पडत नाही, तो कुठेही चालतो. पण गेम, व्हिडिओ, आवाज, जिथे वेग लागतो तिथे ॲप बनवणारे थेट प्रोसेसरच्या भाषेतला भाग जोडतात, आणि तो बरेचदा फक्त एआरएमचाच असतो. जमिनीच्या जुन्या मोडी कागदांसारखं आहे हे. मराठीच आहे, पण आपल्याला वाचता येत नाही. शेजारी मोडीवाला बसवावा लागतो आणि तो एकेक ओळ वाचेल त्या चालीने आपण पुढे जायचं. इंटेलने असा वाचणारा बनवला, त्याचं नाव हुडिनी. काम चोख करतो, पण फुकट नाही. वेग जातो, आणि एखादं अक्षर लागलं नाही की ॲप बसकण मारतं.

आमच्या गल्लीत गाणं शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना तानपुऱ्याचं ॲप कॉम्प्युटरवर हवं होतं, मोठ्या स्पीकरसाठी. लावून दिलं. तानपुरा वाजायला लागला आणि दर दहा-बारा सेकंदांनी एक बारीक 'टिक्'. मला ते ऐकूच येत नव्हतं. बाईंनी डोळे मिटले, हात वर केला, आणि बरोबर त्या 'टिक्'वर बोट खाली आणलं. तीनदा. म्हणाल्या, "हे कानात खडा गेल्यासारखं आहे." इम्युलेटरमधून आवाज बाहेर येईपर्यंत दोन-तीन हातांतून जातो, एकाने उशीर केला की फट पडते. सेटिंग करून पाहिली, फट लहान झाली, गेली नाही. शेवटी फोनमधूनच वायर काढून स्पीकरला जोडली. काम झालं.

ॲपलवाल्यांचं जरा सोपं आहे. २०२० च्या अखेरीस एम१ चिप आली, ती एआरएमचीच. त्यामुळे त्या मॅकवर आयपॅडची ॲप थेट चालतात, मोडीवाला लागत नाही. पण तिथेही ॲप बनवणाऱ्याने "मॅकवर नको" अशी खूण केली की ते तुम्हाला दिसतच नाही, आणि अशी खूण करणारे कमी नाहीत. शिवाय दोन बोटांनी नकाशा मोठा करायचा तर माउसला बोट एकच. ऑप्शनची कळ दाबून ट्रॅकपॅडलाच काच समजायची सोय ॲपलने केलीय, पण शिकवलेल्या माणसाला आठवड्याने ती आठवत नाही.

परत ताईंकडे येतो. सगळे तुकडे मिळवले. ॲप उघडलं, आडवं होऊन का होईना. ओटीपी ताईंच्या फोनवर आला, टाकला. मुलाचं नाव, त्याचा रोल नंबर, सोमवारची चाचणी, सगळं दिसलं. चाचणीवर क्लिक केलं आणि पाटी आली: हे डिव्हाइस सुरक्षित नाही. पुढे दार बंद.

ॲप गूगलला विचारू शकतं की मी ज्यावर चालतोय ते खरं, प्रमाणित यंत्र आहे का. इम्युलेटरची गूगलकडे तशी नोंद नसते. बँकांची ॲप तर हे विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. यूपीआय त्याच्याही पुढचं: नोंदणी करताना तुमच्या फोनमधल्या सिममधून बँकेला एसएमएस जातो, आणि खातं त्या सिमला व त्या फोनला बांधलं जातं. कॉम्प्युटरमध्ये सिमच नाही, तर बांधणार कशाला? बाजारपेठेतले दोन-तीन दुकानदार मला दरवर्षी विचारतात, "गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरवर यूपीआय टाकून द्या." नाही टाकता येत. पूर्वी मी यावर बँकांना शिव्या घालायचो. मग एकदा एका मशीनवर एकाच वेळी वीस 'फोन', म्हणजे वीस इम्युलेटर, उघडलेले पाहिले. कुणाचं मशीन ते सांगत नाही, पण तेव्हापासून शिव्या बंद केल्या. क्लासच्या चाचणीला बँकेइतकं कुलूप कशाला, हे मात्र मला अजून पटलेलं नाही.

मग मी स्वतः कॉम्प्युटरवर टॅब कसा वापरतो? ॲप आणतच नाही. एससीआरसीपीवाय (scrcpy) नावाचं एक मोफत साधन आहे. यूएसबीची वायर लावायची, ॲप चालतं फोनमध्येच, फक्त चित्र कॉम्प्युटरवर येतं आणि माउस-कीबोर्ड फोनला चालतो. सिम जागेवर, प्रोसेसर जागेवर, कुणाची तक्रार नाही. बँकेच्या ॲपचा पडदा तेवढा काळा दिसतो, आणि ते ठीकच आहे. मोठा पडदा हवा म्हणून येणाऱ्या दहापैकी आठांना मी हेच बसवून देतो.

ताईंच्या टॅबला तेही जमेना. त्यासाठी टॅबच्या सेटिंगमध्ये यूएसबी डीबगिंग, म्हणजे कॉम्प्युटरला टॅब चालवू द्यायची परवानगी, चालू करावं लागतं, आणि क्लासवाल्यांनी ते पान कुलूपबंद करून ठेवलेलं. मुलांनी गेम टाकू नयेत म्हणून असेल. तोवर साडेआठ वाजलेले. मी टॅब उलटसुलट केला. चित्र दिसतंय, आत सगळं ठणठणीत आहे, फक्त बोट लागत नाही. ड्रॉवरमधून सत्तर रुपयांची ओटीजी पिन काढली, टॅबच्या चार्जिंगच्या भोकात घातली आणि तिला ताईंच्याच कॉम्प्युटरचा माउस लावला.

तडकलेल्या काचेखाली एक छोटा बाण उमटला. मुलाने माउस डावीकडे ओढला, बाण मेलेल्या भागात शिरला. त्याने चाचणीवर क्लिक केलं. उघडली.

"भोक एकच आहे," मी म्हणालो, "म्हणजे माउस लावलेला असताना चार्जिंग होणार नाही. रविवारी रात्री पूर्ण चार्ज करून ठेव."

ताईंनी टेबलावरच्या सीपीयूकडे बघितलं. "मग हा उगीचच आणला रिक्षातून?"

"उगीच कसा? माउस त्याचाच आहे."