लिस्बनला फोन

संध्याकाळी म्हापशाच्या बाजारात शेजारच्या काकी भेटल्या. मुलगा लिस्बनला हॉटेलात कामाला लागलाय, पण खोली मिळेना. पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांचं त्यामानाने बरं असतं. हा भारतीय पासपोर्टवर, कामाच्या व्हिसावर.

रात्री त्याला फोन लावला. मीही तिथं काही वर्षं काढलीत. म्हटलं, एनआयएफ म्हणजे करक्रमांक मिळालाय ना? मग सोशल सिक्युरिटीचा नंबर हॉटेलमालकाच्या मागे लागून करून घे. खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय डिपॉझिट देऊ नको, कुणी कितीही गोड बोलू दे. एवढं सगळं ऐकून पठ्ठ्या विचारतो काय, "दादा, इथं हळद-मसाला कुठं मिळतो?" मार्तिम मोनिझला जा म्हटलं, आपल्याकडची दुकानं आहेत. शनिवारी माझा जुना रूममेट त्याच्याबरोबर खोल्या बघायला जातोय.