चार हात दोरी

आमच्या कुत्र्याचं नाव बाठ्या. रायवळ आंबा चोखून बाठा अंगणात टाकावा आणि दोन दिवसांनी, उन्हात सुकल्यावर, तो उचलून बघावा. तोच रंग, तसेच विस्कटलेले केस. मुलीनं गटाराच्या कडेवरून त्याला उचलून आणला तेव्हा तो आकारानंही तेवढाच होता. पुढे ती नोकरीला पुण्याला गेली आणि बाठ्या आमच्याकडे राहिला. कोकणात यात नवीन काही नाही. मुलं मुंबई-पुण्याला जातात आणि मागे काहीतरी ठेवून जातात. कुणाची सायकल गंजत पडते, कुणाची गिटार. आमच्या वाट्याला आलं ते दिवसातून दोनदा बाहेर न्यावं लागणारं निघालं.

आता, कुत्र्याला 'फिरायला नेणं' हा प्रकार आमच्या लहानपणी नव्हता. कुत्रा सकाळी आपणहून जायचा आणि भाताच्या वेळी आपणहून यायचा. मधल्या वेळाचा हिशोब त्याला कुणी विचारत नसे. एखाद्या दिवशी तो यायचा नाही. मग 'वाघाने नेला' एवढ्या दोन शब्दांत विषय संपायचा आणि महिनाभरात कुठूनतरी नवीन पिल्लू यायचं. (आमच्याकडे बिबट्याला सरसकट वाघच म्हणतात. नेणारा कोण यावर कुत्र्याचं काही अडत नाही.) त्यामुळे पट्टा लावलेला बाठ्या घेऊन मी पहिल्यांदा बेड्याबाहेर, म्हणजे अंगणाच्या फाटकाबाहेर, पडलो, तेव्हा शेजारच्या अण्णांनी पेपर खाली करून चौकशी केली, "काय हो, शुगर निघाली की काय त्याला?"

आमचं घर रत्नागिरीत, थिबा पॅलेसच्या अंगाला. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 साली इथे आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला 1910 मध्ये आणि 1916 मध्ये राजा इथेच वारला. तीस वर्षं या माणसानं हाच समुद्र पाहिला आणि दोरीचं दुसरं टोक कायम दुसऱ्याच्या हातात. बाठ्या त्या कंपाउंडच्या भिंतीपाशी रोज मनापासून पाय वर करतो, त्यात कोणाचा अपमान नसावा. तिथून रस्ता थिबा पॉइंटकडे जातो. खाली भाट्याची खाडी, पूल, पलीकडे सुरूचं बन. येताना मात्र आम्ही रस्ता सोडून जांभ्याच्या पाखाडीनं, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेनं, उतरतो. दोन्ही बाजूंना दगड रचून केलेले गडगे, वर फणसाची सावली, मध्ये एक पऱ्या, म्हणजे लहानसा ओहोळ, आडवा जातो. गाडी येत नाही म्हणून ही वाट सुरक्षित, असं मी पहिले दोन महिने समजत होतो.

त्या दोन महिन्यांत माझ्या हातात मुलीनं पाठवलेली फिरकीची दोरी होती. बटण सोडलं की सुटत जाते, दाबलं की अडकते. मी फोनवर व्हॉट्सअ‍ॅप बघत पाखाडी उतरत होतो आणि बाठ्या पंधरा फूट पुढे, वळणापलीकडे. वळणावरून डोक्यावर पाटी घेतलेली मासेवाली वर चढत होती. बाठ्याला बांगड्याचा वास आला, तो पाखाडीच्या या गडग्याकडून त्या गडग्याकडे गेला आणि त्याच्यामागून ती बारीक काळी दोरी बाईंच्या नडगीच्या उंचीवर आडवी ताणली गेली. बाई पडल्या नाहीत. पाटीवर एक हात, गडग्यावर दुसरा, एक पाय हवेत, अशा त्या क्षणभर उभ्या राहिल्या. मी धावत पोचलो. त्यांनी दोरी पाहिली, माझ्या हातातली फिरकी पाहिली, दुसऱ्या हातातला फोनही पाहिला.

"काका, पतंग उडवताय काय ओ?"

त्याच संध्याकाळी बाजारातून साधी सुती जाड दोरी आणली, चार हात लांबीची. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा हार्नेस घेतला, कारण बाठ्या ओढायला लागला की त्याला खोकला यायचा. आणि फोन घरी ठेवायला लागलो. बायकोला यात कुत्र्याचीच हुशारी दिसली. तीस वर्षं तिला जे जमलं नाही ते त्यानं दोन महिन्यांत केलं म्हणे.

फोन नसला की माणूस खाली बघतो. आणि खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक वेगळंच रत्नागिरी आहे. चिकनच्या दुकानामागे शिजवलेली हाडं असतात. कच्च्यापेक्षा ती वाईट, कारण चावली की त्यांच्या अणकुचीदार ढलप्या निघतात. वाढदिवसाच्या केकचा पुठ्ठा असतो, बाटल्यांच्या काचा असतात, तारेचे तुकडे असतात. मे महिन्यात तर पावलापावलावर बाठे. प्राण्यांच्या डॉक्टरांनी मला बजावून सांगितलंय, कुत्रा बाठा गिळतो आणि तो आतड्यात अडकतो, मग पोट फाडल्याशिवाय इलाज नसतो. नाव बाठ्या असलं म्हणून बाठा पचतो असं नाही. 'सोड' हा एकच शब्द मी त्याला शिकवला, सुक्या बोंबलाच्या मोबदल्यात. दहातल्या सात वेळा सोडतो. उरलेल्या तीन वेळा मी त्याच्या तोंडात बोटं घालतो.

उन्हाचं सोपं आहे. तळहात उलटा करून डांबरावर टेकवायचा आणि सात आकडे मोजायचे. हाताला सोसलं नाही तर त्याच्या पायांनाही सोसणार नाही. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पायांच्या गाद्यांनाच, बाकी सगळा भार जिभेवर. एप्रिलमध्ये पाच वाजतासुद्धा डांबर हाताला सोसत नाही. मी रस्त्यात वाकून हात टेकवतो तेव्हा जाणारे-येणारे मला नमस्कार घालणारा भाविक समजतात. आजूबाजूला देवळं भरपूर असल्यामुळे हे खपून जातं.

पाऊस अवघड. जांभ्यावर शेवाळ धरतं आणि चार पायांच्या जनावराला दोन पायांच्या माणसाची अडचण कळत नाही. एकदा बाठ्यानं खारीमागे झटका दिला आणि मी पाच पायऱ्या बसूनच उतरलो. त्यानंतर दोरी मनगटाला गुंडाळणं बंद. मुठीत धरायची, म्हणजे वेळ आली तर सोडता येते. साचलेल्या पाण्याला मी त्याला तोंड लावू देत नाही. लेप्टोचा ताप आपल्याला होतो तसा कुत्र्यालाही होतो, उंदराच्या मुतातून. त्याची लस रेबीजच्या लशीबरोबर दरवर्षी टोचून घेतो. घरी आल्यावर पडवीत गोणपाटावर त्याला बसवून गोचिड्या बघायच्या. कानाच्या घडीत, काखेत आणि सर्वांत लबाड जागा म्हणजे बोटांच्या मधे. तिथे मसूर चिकटल्यासारखी बसलेली असते. चिमट्यानं अगदी कातडीजवळ धरून सरळ ओढायची. पिरगळायची नाही आणि आमची आजी करायची तसं रॉकेलही लावायचं नाही. बाठ्या तेवढा वेळ आढ्याकडे बघत बसतो, सलूनमधल्या गिऱ्हाइकासारखा.

वाटेत दुसरी कुत्री भेटतातच. चढावरच्या टपरीपाशी पाच जणांचं राज्य आहे, त्यातल्या तिघांच्या कानाला चीर आहे. म्हणजे नसबंदी आणि लस होऊन परत आपल्या जागी सोडलेली. 2023 च्या नियमांप्रमाणे त्यांना उचललं तिथेच परत सोडावं लागतं. त्यामुळे ती तिथली आणि आम्ही वाटसरू, हे मी मान्य केलंय. ती उठून उभी राहिली की मी थांबतो, बाठ्याला माझ्या पलीकडच्या बाजूला घेतो, कोणाच्या डोळ्यात डोळे घालत नाही आणि हळूच वळण घेऊन जातो. पळायचं तर अजिबात नाही. हे सगळं माहीत असूनही पहिल्या वेळी मी पळालोच होतो. बाठ्या मात्र पळाला नव्हता. दोरीचा झटका बसून मी थांबलो. चावलं कोणी नाही. चावलं असतं तर आधी साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, आणि मग तडक इंजेक्शन. हे आता आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या मागे लिहून लावलंय.

रविवारी भाट्याच्या वाळूत नेतो. तिथे तरी दोरी सोडावी असं फार वाटतं. पण जाळ्यातून काढून टाकलेला केंड मासा वाळूत पडलेला असतो, फुगून मेलेला, आणि त्याचं विष असं की त्यावर उतारा नाही. शिवाय थंडीत कासवं. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा आपल्या जिल्ह्यातल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले अंडी घालून जातात आणि कुत्री ती उकरतात. बाठ्याला खड्डा करण्याचा आनंद किती होतो ते मी आमच्या अबोलीच्या वाफ्यात पाहिलंय. तेव्हा चार हात.

गेल्या वर्षीची गोष्ट. मृगाचा पहिला पाऊस पडून गेलेला, संध्याकाळ, पाखाडीवर अर्धा उजेड. पऱ्या ओलांडून आम्ही तिसऱ्या पायरीवर आलो आणि आवाज आला. तव्यावर पाण्याचे थेंब टाकावेत तसा, पण न थांबणारा. बाठ्याचं नाक खाली गेलं होतं. मी दोरी ओढली नाही, माझा हात आपोआप मागे गेला. चारच हात असल्यामुळे तेवढ्यानं तो माझ्या पायाशी आला. मग टॉर्च लावला. पायरीच्या कोपऱ्यात, जांभ्याच्याच रंगाचं, जेमतेम दीड वीत फुरसं, विषारी साप. अंगाची वळी करून खवल्यावर खवला घासत होतं. डोक्यावर बाणाची खूण स्पष्ट दिसली, इतके आम्ही जवळ होतो. फिरकीची दोरी असती तर तो आवाज मी ऐकलाही नसता आणि ऐकू आला असता तो बाठ्याचा.

आम्ही उलटे चढून रस्त्यानं घरी आलो. मुलीला सांगितलं नाही. अण्णांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली केला, बाठ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "टॉर्च मोठा घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाठ्या पऱ्यापलीकडे आला, थांबला, आणि तिसरी पायरी उडी मारून ओलांडून गेला. आजही तसाच जातो. ती पायरी जरा उंच आहे आणि माझे गुडघे काही पूर्वीचे नाहीत, पण गडग्याला हात धरून मीही तशीच ओलांडतो.