बसने गेलेला जेक

सातआठ किलोचं ओझं पाठीवर घेऊन पिरेनीज चढायचा होता. ‘ते पुस्तक तरी काढ’, असं तिघांनी सुचवलं. मी शाम्पू टाकला, हेमिंग्वे ठेवला. ‘द सन ऑल्सो राइझेस’, 1926 सालची कादंबरी.

फ्रान्सच्या हद्दीतून स्पेनमधल्या सान्तियागोला जाणारी, कामिनो या ख्रिस्ती पदयात्रेची ही वाट पावणेआठशे किलोमीटरांच्या घरातली. कादंबरीतला जेक काही वारकरी नव्हे. तो ट्राउट मासे धरायला आणि बैलांचे खेळ बघायला निघालाय. पाम्प्लोनाहून बुर्गेतेला, म्हणजे आमच्या उलट दिशेने, आणि तोही बसच्या टपावर बसून, बास्क शेतकऱ्यांच्या कातडी बुधल्यातली वाइन पीत. पण त्याआधी पॅरिसमध्ये तो मित्राबरोबर र्‍यू सँ-जाक धरून दक्षिणेकडे चालतो. सान्तियागोचे जुने यात्रेकरू याच रस्त्याने शहराबाहेर पडायचे. हे हेमिंग्वेला ठाऊक असावं, असं मला आपलं वाटतं.

पहिला मुक्काम रोन्सेसव्हायेसच्या मठात. संध्याकाळच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, यात्रेकरूंना आशीर्वाद देतात. माझं सगळं लक्ष टाचेवरच्या फोडाकडे. जेक आणि त्याचा तो मित्र बिलही हा मठ बघून जातात. जागा थोर खरी, पण मासेमारीची सर नाही म्हणतात. मला हसू आलं, जरा चोरट्यासारखंही झालं.

सकाळी तीन किलोमीटरवर बुर्गेते. पांढरी घरं, रस्त्याकडेने वाहणारे पाट. इथल्या खाणावळीत बिल थंडी घालवायला पियानो बडवत बसतो. दहा मिनिटांत गाव संपलं, वाट दाखवणारा पिवळा बाण ओढ्याकडे वळला. जेकची मासेमारीची नदी, इराती, पूर्वेला राहिली. तिच्यासाठी वाट सोडावी लागते. मागून कुणीतरी ‘बुएन कामिनो’ म्हणालं, आपल्या ‘माउली’सारखं. निघालो.

तिसऱ्या दिवशी पाम्प्लोनाचं कॅथेड्रल. इथे गुडघे टेकून जेक आधी सगळ्यांसाठी मागतो, मग खेळ रंगावेत, मासे गावावेत, पैसा मिळावा. मधेच पेंग येते, आणि आपण कसले भिकार कॅथलिक म्हणून त्याला वाईट वाटतं. मी आईच्या गुडघ्यांपासून सुरुवात केली. बघता बघता पुढच्या मुक्कामी खालचा बंक मिळू दे, इथवर आलो.

बाहेर आल्यावर जेकची पवित्र पाण्याने ओली झालेली बोटं उन्हात वाळतात. मी पायरीवर बसून बूट काढले आणि मोजे वाळत घातले.