तहान आहे म्हणून

"इतकी प्रार्थना केलीत, तरी ते गेलेच. मग अजून चर्चला कशाला जाता?" शेजारणी विचारतात, माहेरची माणसंही विचारतात. बहुतेक जण मायेनंच विचारतात. तुम्हीही तसंच विचारलंत म्हणून सांगते.

माझे यजमान 2 वर्षं डायलिसिसवर होते. आठवड्यातून 3 दिवस, दर वेळी 4 तास. सुयांचं दुखणं ते सोसायचे, पण तहान सोसवत नसे. मूत्रपिंडं थकली की प्यालेलं पाणी अंगातच साठतं. पाय सुजतात, छातीत पाणी झालं तर श्वास कोंडतो. डॉक्टरांनी दिवसाला 1 लिटर ठरवून दिलं होतं आणि चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच धरायचं. सकाळी मी बाटली भरून ठेवायची. चहा केला की तेवढं पाणी बाटलीतून कमी करायचं. मे महिन्यात दुपारी चारलाच ती रिकामी व्हायची. मग जिभेवर बर्फाचा एक खडा. फ्रिजचं दार वाजलं की ते डोळे मिटून घ्यायचे. मी मोरीत जाऊन पाणी प्यायचे.

'हरिणी जशी पाण्याच्या प्रवाहांसाठी लुलपते' हे बायबलातल्या 42व्या स्तोत्रातलं वचन मी संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं. तेव्हा डोळ्यांपुढे हिरवं रान यायचं, झुळझुळ ओढा यायचा. 'लुलपते', म्हणजे तळमळते, हा शब्द नुसता गोड वाटायचा. त्या उन्हाळ्यात कळलं, त्या वचनात ओढा नाहीच. असता तर हरिणी प्याली नसती का? तिथं आहे ती टाळूला चिकटलेली जीभ.

ते स्तोत्र गाणारा माणूस देवाच्या मंदिरापासून दूर, यार्देन नदी आणि हर्मोन डोंगराच्या मुलखात आहे. सणाच्या दिवशी लोकांच्या मेळ्यातून गात-गात देवाच्या घरी जायचो, हे आठवून त्याचा जीव तुटतो. आणि लोक त्याला दिवसभर विचारतात, तुझा देव कोठे आहे? तुमचाच प्रश्न. त्याचं उत्तर तो देत नाही. तो आपल्याच जिवाला विचारतो, तू का खिन्न झालास, आतल्या आत का तळमळतोस? देवाची आशा धर. 42व्या स्तोत्रात दोनदा, 43व्याच्या शेवटी पुन्हा तेच. पाणी मिळाल्याचं कुठंच लिहिलेलं नाही.

(तळमळ हा शब्द आम्हा मराठी ख्रिस्ती माणसांना परका नाही. कवी ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांचा हात सोडला नाही. त्यांच्या अभंगांतून ती ओढ आमच्या उपासनेत आली.)

ते गेल्यावर एका प्रार्थनासभेत मला सांगण्यात आलं, तुमचा विश्वास कमी पडला. त्यानंतर कित्येक महिने माझ्या तोंडून प्रार्थनेचा शब्द निघाला नाही. मग एका रात्री ती बाटली आठवली. तहानेनं जीव कासावीस होत होता, तेव्हा त्यांचा पाण्यावरचा विश्वास उडाला होता, असं कुणी म्हणेल का? त्यांना तर पाण्याशिवाय दुसरं काही सुचतच नव्हतं. देव जवळ नाही म्हणून मी रात्री रडते, तेव्हा माझं याहून वेगळं काय होत असतं?

तेव्हा हो, मी चर्चला जाते. साक्ष द्यायला, म्हणजे देवानं माझ्यासाठी काय केलं ते सर्वांपुढे सांगायला, उभी राहत नाही, कारण सांगण्यासारखा चमत्कार माझ्याजवळ नाही. माझी प्रार्थना बरेचदा एका शब्दाची असते, 'कोठवर?' तोही शब्द स्तोत्रांतलाच आहे.

गुड फ्रायडेला आमच्या मंडळीत वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पाचवा उद्गार, 'मला तहान लागली आहे.' शोमरोनी बाईला विहिरीपाशी जिवंत पाणी देऊ करणारा प्रभू हे म्हणतो, आणि त्याच्या ओठांना लागतो तो आंबेनं, म्हणजे आंबट द्राक्षारसानं, भिजलेला स्पंज. हा उद्गार मी इतकी वर्षं नुसता ऐकत आले. यंदा पाळकसाहेबांकडे जाऊन मी तो मागून घेतला आहे.