पडद्यावरचा अनुस्वार

गेल्या नाताळाच्या आधी आमच्या चर्चच्या मंडळीचा जुना प्रोजेक्टर बंद पडला आणि एका कुटुंबाने उपकारस्तुती म्हणून नवा दिला. ठाण्यातली आमची मंडळी लहान आहे, त्यामुळे असं दान आलं की आपल्याच घरात काही आल्यासारखं वाटतं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, तरुण संघातल्या मुलांनी शिडी लावून तो छताला बसवला. उपासनेच्या स्लाइड्स मी करते. शनिवारी रात्री नेहमीची फाइल उघडली, स्लाइडचा आकार वाइडस्क्रीन केला आणि निश्चिंत झोपले.

रविवारी पहिल्याच गीताला पडद्यावर पौर्णिमेचा चंद्र अंड्यासारखा दिसला. पुढच्या गीतामागचा येऊरचा डोंगर दाबून बसवल्यासारखा बसका झाला होता. उपासना सुटल्यावर एक काकू माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अगं, चित्रं वाकडी होती की माझ्या डोळ्यांना काही झालंय?" त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. सबंध दीड तास त्या घाबरून बसल्या होत्या. मी त्यांना सांगितलं, "काकू, डोळे उत्तम आहेत, चूक माझी आहे." पण घरी येईपर्यंत मन लागलं नाही. त्या दिवशी दुपारी जेवण उरकून लॅपटॉप घेऊन बसले, ते चित्रांचा आकार बदलणं म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायलाच.

पहिला उलगडा लगेच झाला. जुना प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ पिक्सेलचा (पिक्सेल म्हणजे चित्र ज्यांनी बनतं ते बारीक ठिपके) होता, म्हणजे रुंदी-उंचीच्या ४:३ या प्रमाणाचा. नवा १९२० बाय १०८० चा, म्हणजे १६:९. माझी सगळी चित्रं जुन्या मापाची. स्लाइड रुंद केल्यावर मागचं चित्रही तिच्याबरोबर आडवं ताणलं गेलं, आणि प्रत्येक वस्तू होती त्याहून एक तृतीयांश जास्त रुंद झाली. शिवाय जेमतेम १०२४ पिक्सेल रुंदीचं चित्र १९२० वर पसरल्याने ते धूसरही झालं होतं. नसलेले पिक्सेल कुठून येणार? संगणक शेजारच्या दोन रंगांमधला रंग भरून जागा पुरी करतो, तपशील काही तयार होत नाही. म्हणजे जुनी चित्रं दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता, नवी हवी होती.

नेटवर शोधलं तर बर्फाचे डोंगर आणि परदेशातली गव्हाची शेतं ढिगाने मिळतात. पण शोधून सापडलेला प्रत्येक फोटो कुणाच्या तरी मालकीचा असतो, आणि प्रभूच्या घरात न विचारता उचललेली वस्तू मला नको होती. दुसरं म्हणजे, आमचे लोक मुरबाड-शहापूरकडची भातखाचरं पाहत मोठे झालेले, रोज तलावपाळीवरून जाणारे. सृष्टीबद्दल स्तुती गायची तर ती त्यांच्या डोळ्यांसमोरच्या सृष्टीची का नको? मी मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, "जय ख्रिस्त. आपण काढलेले निसर्गाचे फोटो पाठवा, गीतांच्या मागे लावू." दोन दिवसांत साठेक फोटो आले. उपवनचा तलाव, पावसाळ्यातलं येऊर, आणि ऐरोलीहून बोटीने जाऊन काढलेले खाडीतले रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. ठाण्याच्या खाडीचा हा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. आपल्या दारातल्या पाण्याला एवढा मान मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे. रोहित पक्ष्यांचा फोटो कुठल्या गीताला लावायचा, हे मी बघताक्षणी ठरवून टाकलं.

मग फोटोंची मापं पाहिली. फोनने काढताना ४००० बाय ३००० असलेला फोटो माझ्यापर्यंत आला तो १६०० बाय १२०० होऊन. दोन-तीन ग्रुपांतून फिरून आलेले तर आणखीच बारके. व्हॉट्सअॅप फोटो दाबून पाठवतं हे कानावर होतं, पण तो पडद्यावर किती फिका पडतो, ते शेजारी शेजारी लावून बघितल्यावर कळलं. तेव्हा सगळ्यांना पुन्हा विनंती केली की फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, म्हणजे ते दाबले जात नाहीत. ज्येष्ठांना ते जमेना. त्यांच्यासाठी उपासनेनंतर चहाच्या वेळी केबल घेऊन बसले आणि एकेकाच्या फोनमधून फोटो उतरवून घेतले. त्यात अर्ध्याहून जास्त उभे धरून काढलेले. उभ्या फोटोतून आडवी पट्टी काढायची तर ३००० बाय ४००० मधले जेमतेम १६८७ पिक्सेल उंचीचे हाती लागतात, निम्म्याहून जास्त चित्र जातं. ते नाइलाजाने बाजूला ठेवले.

आता खरं काम. ताणायचं नाही, कापायचं. ४:३ च्या फोटोतून १६:९ काढायचा तर रुंदी तशीच ठेवून उंचीतून चतुर्थांश भाग जातो, म्हणजे ४००० बाय ३००० चा ४००० बाय २२५० होतो. ७५० पिक्सेल कुठून कापायचे, वरून की खालून, हे मात्र यंत्र ठरवू शकत नाही. सुरुवातीला मी नेहमी मधलाच भाग ठेवत असे, आणि फोटोतलं सगळ्यांत सुंदर ते बरोबर गीताच्या ओळींखाली जाऊन दडत असे. उपवनच्या फोटोत पाणी, काठ, झाडं, त्यामागे डोंगर आणि वर बरंच आभाळ होतं. फोटो म्हणून बघताना ते आभाळ मला रिकामं वाटायचं. स्लाइडसाठी मात्र तेच मोलाचं, कारण शब्द तिथे बसतात. मग खालचं पाणी कापलं, आभाळ सगळं ठेवलं, डोंगर तळाला आला. त्यावर चार ओळी टाकून पाहिल्या आणि वाटलं, आता हे चित्र गीताला जागा देतंय.

हे मी गिंप या मोफत प्रोग्राममध्ये करते. क्रॉपच्या साधनात प्रमाण १६:९ असं पक्कं करून घेतलं की चौकट कितीही हलवली तरी प्रमाण सुटत नाही. नंतर स्केल इमेजमध्ये रुंदी १९२० लिहायची. रुंदी-उंचीच्या शेजारची साखळी जोडलेली असली की १०८० आपोआप येतं. एखादा पिक्सेल इकडेतिकडे आलाच तर काही बिघडत नाही. साखळी तुटलेली असेल तर मात्र काकूंचा चंद्र परत अंड्यासारखा होतो. लहान केल्यावर चित्र किंचित मऊ पडतं, त्याला जराशी धार द्यायची आणि जेपीजी ८५ च्या दर्जाने साठवायचं. पाच एमबीचा फोटो चार-पाचशे केबीत येतो.

एकेक करत पंधरा झाले तेव्हा मला घाई सुटली. इरफानव्ह्यू या दुसऱ्या प्रोग्राममध्ये "B" ही कळ दाबली की सगळे फोटो एका फटक्यात बदलता येतात असं कळलं होतं. मी रुंदी आणि उंची दोन्ही आकडे भरले, प्रमाण राखण्याची खूण केली नाही, आणि नवीन फोटो ठेवायची जागा म्हणून तोच जुना फोल्डर दिला. मिनिटभरात चाळीस फोटो ताणले गेले, आणि त्याच नावांनी मूळ फोटोंवर जाऊन बसले. रोहित पक्ष्यांचे सगळे फोटो त्यातच होते. ज्या दादांनी ते काढले त्यांनी मला दिल्यावर फोनमधली जागा मोकळी करायला पुसून टाकले होते. रात्री अकराला त्यांना फोन करताना माझा आवाज कापत होता. सुदैवाने त्यांच्या मुलीच्या फोनमध्ये सात फोटो निघाले, बाकीचे गेले ते गेलेच. त्या रात्रीपासून माझ्याकडे "मूळ" नावाचा एक फोल्डर आहे. त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर असते, आणि त्यातल्या फाइलवर मी कधीही थेट काम करत नाही.

मध्ये एकाने सल्ला दिला की सगळं ३०० डीपीआय कर, मग स्पष्ट दिसेल. मी आकडा बदलून पाहिला, पडद्यावर तसूभर फरक नाही. प्रोजेक्टर फक्त पिक्सेल मोजतो. इंचात किती ठिपके, हा प्रश्न कागदावर छापताना येतो, किंवा कागदावरचं संगणकात घेताना. हे दुसरं मला वर्धापनदिनाला उपयोगी पडलं. मंडळीच्या जुन्या दिवसांचा एक कृष्णधवल फोटो होता, सहा बाय चार इंचांचा. कुणीतरी त्याचा फोनवर काढलेला फोटो माझ्याकडे होता, कडा तिरक्या, मधे ट्यूबलाइटची चमक. मूळ फोटो मागून आणला आणि ६०० डीपीआयवर स्कॅन केला. ३६०० बाय २४०० पिक्सेल मिळाले, आणि मागच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांचे चेहरे ओळखू येऊ लागले. एका आजींना त्यात त्यांची आई दिसली. त्या उठून पडद्यापाशी गेल्या आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

तरीही एक अडचण राहिली होती, आणि तीच सगळ्यांत मोठी निघाली. चित्रं आता योग्य मापाची, स्वच्छ, सुंदर होती. रोहित पक्ष्यांचा फोटो लावला त्या रविवारी गाणं अडखळलं. दुसऱ्या कडव्यात "शांती" हा शब्द होता. मी मागे लॅपटॉपपाशी होते, तिथून पडद्यावर मला "शाती" दिसलं. "आनंद"चा "आनद" झाला होता. पांढऱ्या अक्षरांचा अनुस्वार शिरोरेषेवरचा एवढासा ठिपका, आणि मागे फिक्या गुलाबी पंखांची, पाण्यावरच्या चमकेची शेकडो टिंबं. त्यात तो हरवून गेला होता. रोमन अक्षरांतल्या गीतांना याच फोटोवर फारसा त्रास झाला नाही. आपल्या लिपीत मात्र अर्थ असा वर-खाली लटकलेला असतो. रफार, मात्रा, वेलांटी, उकार, सगळं शिरोरेषेच्या वर नाहीतर अक्षराच्या पायाशी. मागची नक्षी बारीक असली की नेमकं तेच आधी पुसलं जातं.

त्यानंतर माझी पद्धत बदलली. गीतासाठी चित्र १९२० बाय १०८० केल्यावर मी शब्दांच्या जागेपुरतं ते थोडं धूसर करते, आणि त्यावर साधारण ४० टक्के गडद असा काळसर थर देते. ओळींमधलं अंतरही वाढवलं, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडत नाही. एका स्लाइडवर चारपेक्षा जास्त ओळी नाहीत. आणि शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये जाऊन शेवटच्या बाकावर बसून प्रत्येक स्लाइड वाचते. पण संध्याकाळी बरं दिसलेलं सकाळी तसंच दिसेल असं नाही. आमची एक मोठी खिडकी पूर्वेला आहे. नऊच्या उपासनेला तिच्यातून ऊन येतं आणि पडद्यावरचे मधले रंग धुऊन काढतं. म्हणून एका रविवारी मी आठलाच जाऊन बसले, ऊन पडद्यावर येईपर्यंत थांबले आणि मग गडदपणा ठरवला.

फाइल जड होण्याचा प्रश्न या सगळ्यात आपोआप सुटला. आधी मूळ फोटो तसेच टाकल्यामुळे चर्चचा जुना लॅपटॉप स्लाइड बदलायला दोन-दोन सेकंद घ्यायचा, आणि तेवढ्यात लोक पुढची ओळ पाठ असेल तशी म्हणून मोकळे व्हायचे. आता प्रत्येक गीताची पार्श्वभूमी स्लाइड मास्टरमध्ये, म्हणजे स्लाइड्सच्या सामाईक साच्यात, एकदाच ठेवते.

काकू आता दुसऱ्या रांगेत बसतात. गेल्या महिन्यात त्यांनी गीतपुस्तक पिशवीतून काढलंच नाही, पडद्याकडे बघून तीनही कडवी म्हणाल्या. परवा त्यांनीच एक फोटो पाठवला. त्यांच्या माहेरच्या वाडीतल्या नारळाच्या झावळ्या, मागे सकाळचं आभाळ. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारसाठी. फोन आडवा धरून काढलाय, नातवाकडून शिकून डॉक्युमेंट म्हणून पाठवलाय, ४००० बाय ३०००. वरचं आभाळ ठेवलं तर खालच्या विहिरीचा काठ जातो, आणि काकू लहानपणी त्याच काठावर बसायच्या. "मूळ"मध्ये प्रत ठेवली आहे. चौकट वर-खाली सरकवून बघतेय, काठ आणि चार ओळी दोन्ही बसतील अशी जागा शोधतेय.