तोंडात जपलेला ऋग्वेद

पुण्याच्या भांडारकर संस्थेत ऋग्वेदाची ३० हस्तलिखितं आहेत, २००७ मध्ये युनेस्कोने ती जागतिक स्मृतीच्या यादीत घेतली, आणि त्यातलं सगळ्यात जुनं आहे इसवी सन १४६४ चं. आता सूक्तं रचली गेली साधारण इसवी सनापूर्वी १५०० ते १००० मध्ये असं बहुतेक अभ्यासक मानतात, म्हणजे मधली शतकानुशतकं हे सगळं मुख्यतः माणसांच्या तोंडात राहिलं. १० मंडलं, १०२८ सूक्तं, दहा हजारांवर ऋचा! मला याचं नवल अजून संपत नाही.

नुसतं घोकून हे होत नाही. आधी सलग संहिता, मग शाकल्याने केलेला पदपाठ म्हणजे एकेक शब्द सुटा, मग क्रम, जटा आणि सगळ्यात अवघड घन, म्हणजे तेच शब्द जोड्या करून पुढे-मागे फिरवत म्हणायचे पाठ. पहिलीच ऋचा घ्या, अग्निमीळे पुरोहितम्. घनात ती साधारण अशी फिरते, संधी सोडून सांगतो: अग्निम् ईळे, ईळे अग्निम्, अग्निम् ईळे पुरोहितम्, पुरोहितम् ईळे अग्निम्, परत अग्निम् ईळे पुरोहितम्, आणि मग हाच फेरा ईळे पासून पुढे. स्वर सांभाळून! एक शब्द जरी सुटला तरी लगेच अडखळायला होतं.

उलट म्हणताना अर्थाचा आधारच जातो, आणि मला वाटतं खरी गंमत इथेच आहे, कारण म्हणणाऱ्याला आपल्या आवडीने काही बदलायला जागाच उरत नाही. पुढे देव बदलले, विष्णू आणि शिव मोठे झाले, पण ऋग्वेदात इंद्राची सूक्तं अडीचशेच्या आसपास आणि विष्णूची, रुद्राची मोजकीच, ती तशीच राहिली, कोणी वाढवून घेतली नाहीत. दहाव्या मंडलात एक जुगारी रडतोय की सासू द्वेष करते, बायको दूर लोटते, तेही राहिलं. आणि नासदीय सूक्त! ही सृष्टी कुठून आली हे वरचा अध्यक्ष जाणतो, किंवा तोही जाणत नसेल, असं म्हणून ते सूक्त थांबतं. धर्मग्रंथात एवढी मोकळी शंका, आणि पिढ्यानपिढ्या ती स्वरासकट पाठ करणारी माणसं, मला दोघांबद्दल सारखाच आदर वाटतो.

एका गोष्टीचा मात्र राग येतो. पुढे स्त्रियांना आणि शूद्रांना वेद म्हणायलाच काय, ऐकायलाही बंदी झाली. पण त्याच पाठात लोपामुद्रा आहे, घोषा आहे, अपाला आहे, ज्यांच्या नावावर सूक्तं आहेत अशा या स्त्रिया, त्यांची नावंही जपली गेली. अपालेचं सूक्त आठव्या मंडलात ९१ वं, ते नक्की वाचा. सोमाची वेल दातांनी चावून ती इंद्राला रस देते आणि मागते काय, तर वडिलांच्या डोक्यावर केस उगवू देत, शेत पिकू दे, आणि माझ्या अंगावरही उगवू दे.