अक्षावरचे आकडे कापले गेले तेव्हा

प्रिंटरने कागदाची खालची पट्टी खाल्ली होती. विद्यार्थ्याने दोन लाइट कर्व्ह, म्हणजे वेळेनुसार तेज कसं बदललं याचे आलेख, माझ्यासमोर ठेवले. दोन्हींच्या आडव्या अक्षावरचे आकडे गायब. एक हंस तारकासमूहातल्या सिग्नस एक्स-१ चा, दुसरा एनजीसी ४०५१ या दीर्घिकेच्या केंद्राचा. दोन्ही आरएक्सटीई या क्ष-किरण टिपणाऱ्या उपग्रहाच्या जुन्या डेटातून काढलेले, उभ्या अक्षावर सरासरीच्या पटीत तेज. मोजमापातली अनिश्चितता दाखवणाऱ्या रेघा, म्हणजे एरर बार, नाहीत. (एरर बारशिवाय प्लॉट दाखवू नकोस, हे त्याला किती वेळा सांगितलंय!)

“मॅडम, कुठला कोणाचा, ओळखा बरं.”

त्यात काय ओळखायचं? सिग्नस एक्स-१ मधलं कृष्णविवर सुमारे २१ सूर्यांएवढ्या वस्तुमानाचं, एनजीसी ४०५१ मधलं साधारण १७ लाख सूर्यांएवढ्या. लहान ते चुळबुळं, मोठं ते संथ. जास्त काटेरी दिसणाऱ्या कागदावर बोट ठेवून मी “हा सिग्नस” म्हणाले आणि तोंडघशी पडले.

मग नीट पाहिलं. दोन्हीकडे चाल तीच: तेज चढलं की फडफड वाढते, उतरलं की रेघ जवळजवळ सपाट. त्याने पेन्सिलने एकाखाली ‘सेकंद’ लिहिलं, दुसऱ्याखाली ‘दिवस’.

कागदाच्या पाठीवर हिशेब मांडला. कृष्णविवराची त्रिज्या वस्तुमानाच्या पटीत वाढते; सिग्नसची साठेक किलोमीटर, दुसऱ्याची ५० लाख. कृष्णविवराभोवती फिरत आत पडणाऱ्या वायूची तबकडी असते; तिच्या आतल्या काठाशी वायूला एका फेरीला लागणारा वेळही त्याच पटीत, म्हणजे सुमारे ८१ हजार पट. इथला एक सेकंद म्हणजे तिथले साडेबावीस तास. वायू किती वेगाने आत पडतो त्यानेही काळ थोडा बदलतो, पण ढोबळमानाने जमतं. हे सूत्र मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, आणि नेमकी मीच फसले.

“आणि तबकडीचं तापमान?” त्याने विचारलं. बाकी सारखं धरलं, तर ते वस्तुमानाच्या चौथ्या मुळाच्या पटीत उतरतं. इथे सुमारे १७ पट. सिग्नसची तबकडी मऊ अवस्थेत (म्हणजे कमी ऊर्जेचे क्ष-किरण जास्त असताना) ६० लाख केल्व्हिनच्या आसपास, तेव्हा एनजीसीची तीन-चार लाख.

“मग ती अतिनीलमध्ये चमकणार. आपल्याकडे क्ष-किरण कुठून आले?”

प्रश्न बिनतोड होता. उत्तर कोरोनात: तबकडीलगतचा विरळ वायू, ज्यातले इलेक्ट्रॉन १०० कोटी केल्व्हिनच्या घरात तापलेले. तबकडीतून निघालेले फोटॉन त्यांच्यावर आदळतात आणि ऊर्जा घेऊन क्ष-किरण होऊन सुटतात. कोरोना लहानाकडेही तितकाच तापतो, मोठ्याकडेही. आरएक्सटीई साधारण २ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या वरचेच क्ष-किरण पाहायचा आणि सिग्नसची तबकडी मऊ अवस्थेत बऱ्यापैकी शांत असते. म्हणजे दोन्ही कागदांवर फडफडत होता तो बहुतेक कोरोनाच.

तो नवे प्रिंट काढायला निघाला.

“एरर बार!” मी मागून ओरडले. “आणि मार्जिन बघ.”